फुटपाथचं विधेयक आणि सिंधूताई

हिवाळी अधिवेशन नागपुरात येतं, धुमाकूळ घालतं आणि मुंबईला परत जातं. किस्से मात्र इथंच मुक्कामाला राहतात! सत्तरच्या दशकात मी आमदार दादासाहेबांचा पी.ए. होतो, त्यामुळे माझ्याकडे गोदाम भरलंय. त्यात सगळ्यात लाडकं आमचं फुटपाथ आणि सायकल-ट्रॅकचं विधेयक.

ते आलं सिंधूताईंमुळे. प्रताप नगरातल्या या मास्तरीणबाई शाळेत पायी जायच्या. ट्रक चुकवताना नालीत पडल्या, हात मोडला. घरचे म्हणाले, आता नोकरी बंद! बाई प्लास्टरसकट बंगल्यावर हजर.

"दादासाहेब, मले शाळा सोडाची नाही. कायदा आणा!"

* * *

दादासाहेब लगेच ताईंना घेऊन पाहणीला निघाले. जीपमधून! अर्धा रस्ता संपल्यावर म्हणाले, "ताई, फुटपाथ कुठं आहे? दिसत नाही."

"तेच तं सांगून राहिली मी!"

* * *

मसुद्यात सायकलची व्याख्या हवी होती. मसुदा लिहायला आलेल्या मुंबईच्या साहेबांनी दुपारभर डोकं खाजवून लिहिलं, 'चाक असलेलं व पायानं चालणारं कोणतंही साधन.'

आमचा ड्रायव्हर गुलाबराव दारातून म्हणाला, "साहेब, मंग माह्या बायकोची शिलाई मशीनबी ट्रॅकवर आणू का?"

साहेबांनी कागद फाडला आणि चहा मागवला.

* * *

फुटपाथची रुंदी किती? दोन माणसं आरामात जातील एवढी! दादासाहेब आणि त्यांच्याइतकेच पोट सुटलेले एक आमदारमित्र आमदार निवासाच्या बोळात शेजारी शेजारी चालून बघायला गेले. मधोमध दोघंही अडकले!

मित्र ओरडले, "दादा, पोट आत घे!"

"घेतलंच आहे गा!"

दोघांना ओढून काढलं आणि मसुद्यातली रुंदी तिथल्या तिथं वाढवली.

* * *

अखेर विधेयक सभागृहात आलं. सिंधूताई गॅलरीत पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. मंत्री उठले, "शासन सहानुभूतीनं विचार करेल." असं आश्वासन मिळालं की सदस्यानं विधेयक मागं घ्यायचं, ही तिथली रीत. दादासाहेबांनी मान खाली घालून मागं घेतलं. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात वरून आवाज आला, "काहून मागं घेता? मी उद्या शाळेत कशी जाऊ?"

गॅलरीत बोलायची बंदी! शिपाई धावला. "बाई, बाहेर व्हा!"

"होते ना गा बाहेर. पण बाहेर रस्त्यावर उभी कुठं राहू, तेवढं त्या मंत्र्याले विचारून ये!"

आणि तो भला माणूस खरंच जिना उतरून विचारायला निघाला!