बरणीतली मरळ

वळ गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मेघालीबाईंनी एखादी गोष्ट लिहिली, की गावात ते ब्रह्मवाक्य. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या नववीच्या पोरांना गावतळ्यावर न्यायच्या. कुणी शेवाळ काढी, कुणी गोगलगायी, कुणी बेडूक, आणि काठावरच तक्ता मांडला जाई: उत्पादक कोण, भक्षक कोण, कुणाचा संघ कुठला. परिसंस्था शिकवायचं ते तळंच. बाई फक्त नावं सांगायच्या.

सहा वर्षांपूर्वी, एप्रिल महिन्यात, त्यांचा दीर भावेश एक कागद घेऊन आला. तळ्याच्या जागी गोडाऊन उभं राहायचं होतं आणि तिथे जीवजंतू आहेत का, ते शाळेकडून लिहून हवं होतं.

"वैनी, दोन वळी लिवून द्या. त्या चिखलात हाय काय आता?"

बाई भर दुपारी छत्री घेऊन गेल्या. तळं आटलेलं, चिखलाला हातभर भेगा. उन्हाने जीव कासावीस झाला, म्हणून पाच मिनिटांत परत फिरल्या आणि टपोऱ्या अक्षरात लिहून मोकळ्या झाल्या: सजीव आढळले नाहीत.

पंधरवड्यात जेसीबी लागला. तिसऱ्या दिवशी राघो शाळेत आला. जन्मभर त्या तळ्यात जाळं टाकणारा म्हातारा. त्याच्या घमेल्यात चिखलाचं ढेकूळ होतं आणि ढेकळात वीतभर मरळ मासळी. कल्ले उघडमीट करत होते.

"बाई, जिती हाय. तुमच्या कागदात न्हाय, मंग ही कोन?"

बाईंना आपलाच धडा आठवला. पाणी आटलं की काही जीव चिखलात गाडून घेतात आणि पावसापर्यंत झोपून राहतात, त्याला ग्रीष्मनिद्रा म्हणतात. दोन मार्कांचा हा प्रश्न दरवर्षी त्याच काढायच्या! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण तोवर अर्ध्या तळ्यात भराव पडला होता, आणि झोपलेले सगळे त्याखाली गेले होते. कागद मात्र बाईंनी बदलला नाही. जेसीबीचा घाव बसलेली मरळ तासाभरात मेली.

तेव्हापासून ती प्रयोगशाळेत बरणीत आहे. चिठ्ठीवर लिहिलंय: सृष्टी प्राणी, संघ समपृष्ठरज्जू, वर्ग मत्स्य. 'अधिवास'पुढे मात्र कोरं. बाई तिच्याकडे पाठ करूनच शिकवतात, तरी मान पोळत राहते. गोडाऊनवरून जाताना भर उन्हात त्यांना काँक्रीटखालून बेडूक ऐकू येतात. बरोबरच्या कुणालाच येत नाहीत.

यंदा नववीत राघोची नात आहे, दिशा. म्हातारा गेल्या साली वारला. परवा वर्गीकरणाचा तास चालू असताना तिने बरणी उचलली.

"बाई, अधिवास का न्हाय लिवला?"

बाईंनी पेन घेतलं. 'वळचं तळं' असं लिहिलं, आणि मग सगळ्या वर्गासमोर कागदाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. "चूक माझी होती. भेगांखाली सगळे जिवंत होते. तुझ्या आजोबांना मी हे कधी सांगितलं नाही."

दिशाने बरणी परत जागेवर ठेवली.

"आजा आमाला सांगायचा," ती म्हणाली, "गाव जेसीबीला आडवं जानार व्हतं. पन बाईंनी लिवलंय म्हनल्यावर त्योच बोलला, ऱ्हाऊ द्या. आपल्यापरीस त्यांना जास्त कळतं."