निर्दोष दादा आणि अर्धी डबी

माझ्या दादाने जन्मात कधी चेहऱ्याला क्रीम लावलेलं नाही. तरीही क्रीमवरूनच त्याचा संसार मोडायची वेळ आली होती.

मी सौदीतल्या जुबैलला दादा-वहिनीकडे राहते आणि एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. लॅबमध्ये आठ तास मास्क. बाहेर पडलं की वाळूचं वारं, म्हणून पुन्हा मास्क! दोन महिन्यांत नाकावर लाल वळ उठला, गालांवर पुरळ आली आणि हनुवटीचे पापुद्रे निघायला लागले.

"अगं, सौम्य साबणाने तोंड धू, ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लाव आणि ते मुरलं की मग मास्क घाल," वहिनी म्हणाली. "आणि मास्क रोज बदल, बाई!"

साधा सल्ला होता, पण मला संशय आला. (मला तो लवकर येतो. आमचे बाबा कामगार चळवळीतले. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून; माझा 'न' नळाचा नव्हता, निषेधाचा होता.) आधी मास्क विकून आमची कातडी सोलायची आणि मग त्याच कातडीला क्रीम विकायचं! त्याच संध्याकाळी मी बिल्डिंगच्या ग्रुपवर पत्रक टाकलं : 'भगिनींनो, तुमचा चेहरा ही कुणाची बाजारपेठ नाही!' क्रीमला कधीही हात लावणार नाही, अशी जाहीर शपथही घेतली. सव्वीस अंगठे आले.

चौथ्या दिवशी जांभई दिली आणि हनुवटी उलली.

वहिनीची डबी बाथरूममध्येच होती. शत्रूचा अभ्यास करावा, एवढ्याच हेतूने मी एक बोट लावलं. काय सांगू! हा अभ्यास मग रोज दोन वेळा सुरू झाला.

आठवड्याभरात चेहरा बरा झाला. हीच तर पंचाईत! सव्वीस भगिनींना काय सांगणार? म्हणून बरा झालेला चेहरा लपवायला मी घरातही मास्क घालू लागले. ("एसीतून धूळ येते!") घरच्या मास्कने त्वचा पुन्हा कोरडी पडे, म्हणून मी क्रीम दुप्पट लावी. डबी भराभर खाली जाऊ लागली.

एका शुक्रवारी दुपारी वहिनी डबी घेऊन हॉलमध्ये आली.

"अहो, हे काय आहे?"

एरवी ती दादाला 'अरे मंदार' म्हणते. 'अहो' म्हणजे प्रकरण गंभीर.

"क्रीम," दादा म्हणाला.

"अर्धं कुठे गेलं? ऑफिसात नवीन कोण आलंय?"

"नवीन? झेरॉक्सचं मशीन आलंय!"

"घरात माणसं तीन. मी मोजून लावते. अनघाने शपथ घेतलीय. उरलं कोण? आणि चेहरा बघा कसा तुळतुळीत झालाय!"

(दादाचा चेहरा जन्मापासून तुळतुळीत आहे. बिचाऱ्याला तेच भोवलं.)

आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधल्या जुबेदाभाभी आल्या. त्या रत्नागिरीच्या, मिटवामिटवीत तरबेज. त्यांनी दादाला नीट न्याहाळलं.

"मंदारभाई, खरं सांगा. पुरुष अत्तर लावतो तोवर ठीक. क्रीम लावायला लागला की कायतरी असतंच!"

वहिनीने सुटकेस ओढली. "मी नाशिकला चालले. खलास!"

पहिली साडी आत गेली, दुसरी गेली. दादा रडकुंडीला आला. मग मात्र मी उठले. अन्याय सहन करणं माझ्या रक्तातच नाही. (पंधरा मिनिटं केला होता, पण तो दादावरचा होता.)

"थांब वहिनी! क्रीम मी लावलं!"

वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बघितलंत, भाभी? भावासाठी पोरगी स्वतःची तत्त्वं पणाला लावतेय!"

"अगं, खरंच मी..."

"गप्प बस. यांनीच पढवलंय तुला."

मी मास्क ओढून काढला. "हे गाल बघा ना!"

जुबेदाभाभी अगदी जवळ आल्या. "या अल्लाह! काही न लावता इतके नितळ? मग तुझं पत्रक खरंच म्हणायचं गो! मी उद्यापासून क्रीम बंद करते."

दादाने माझ्याकडे असं पाहिलं, की मला मालकाकडे बघणारे बाबाच आठवले.

"ती डबी इकडे दे!" मी ओरडले.

बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं. टॉवेलने न घासता नुसतं टिपलं. कपाळ, नाक, दोन गाल, हनुवटी असे पाच ठिपके दिले. मास्कची तार रुतते तिथे करंगळीने हलकेच फिरवलं, गालांवरून हात वर नेला, उरलेलं मानेला पुसलं आणि मुरेपर्यंत सवयीने घड्याळाकडे बघत उभी राहिले.

वहिनीने हातातली साडी खाली ठेवली.

"भाभी," वहिनी हळूच म्हणाली, "हा हात रोजचा आहे."

"पुन्हा करून दाखव," भाभी म्हणाल्या. त्यांचा संशय अजून फिटला नव्हता. मी पुन्हा करून दाखवलं. मग 'नाकाजवळचं नीट दिसलं नाही' म्हणून तिसऱ्यांदा, आणि दादाच्या आग्रहावरून चौथ्यांदा.

साड्या कपाटात परत गेल्या. खोटं बोलून मी सगळ्या बिल्डिंगला अर्ध्या डबीत फसवलं होतं. खरं पटवायला मात्र उरलेली अर्धीही संपवावी लागली!