पांढऱ्या शेपट्यांची मोजणी

भरवसा कुणावर ठेवावा हो, उभा राहतो त्याच्यावर की पळतो त्याच्यावर? दोन हजार सालच्या आसपास आखातात, अल रय्यानला, माझं चाऱ्याचं दुकान होतं. एका अरबाबाच्या, म्हणजे मालकाच्या, फार्मवर अमेरिकेहून विमानाने आणलेली पंधरा पांढऱ्या शेपटीची हरणं होती. चारा माझा, राखण रत्नागिरीच्या इस्माईलभाईंची. तिथले किस्से गठ्ठ्यांसारखे एकावर एक साठले. हसवणारे खाली दबले, भीतीचे वर राहिले.

*

पहिल्याच दिवशी चारा घेऊन कुंपणात शिरलो. एका म्हाताऱ्या मादीने पुढचा पाय आपटला, शेपटी ताठ वर केली. तिच्या लेकी, पाडसं, सगळा गोतावळा क्षणात पसार. मी पिकअपमध्ये.

"शेठ, तुम्ही का पळालात?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"ती पळाली म्हणून."

"मग शिकलात. इथं म्हातारीचंच ऐकायचं."

*

मोजणीची रीतही तीच. चरताना हरणं एकमेकांत मिसळतात. म्हणून इस्माईलभाई म्हातारीसारखा पाय आपटायचे, कळप पळाला की शेपट्या मोजायचे. रोज पंधरा. एकदा चौदाच भरल्या तर ते कुंपणभर शोधत फिरले. एक पाडस चाऱ्याआड निजलं होतं, एवढंच. पण अरबाबाने बजावलेलं: एक कमी झालं की व्हिसा कॅन्सल. आणि घरी तीन मुली शिकत होत्या.

*

नरांची टोळी वेगळी. उन्हाळाभर चौघे एकत्र, एकमेकांच्या माना चाटत. थंडी सुरू झाली तशी शिंगं टणक झाली, माना फुगल्या. इस्माईलभाई फार्मच्या मॅनेजरला म्हणाले, "साहेब, यांना आता वेगवेगळं ठेवा."

"सहा महिने भाऊ-भाऊ आहेत, आता काय होणार? खलास, विषय संपला."

चौथ्या दिवशी एक नर मेलेला सापडला. पोट फाटलेलं, डावं शिंग मुळापासून मोडलेलं.

"मोजणीच्या वहीत पंधराच लिही," मॅनेजर म्हणाला.

इस्माईलभाईंनी लिहिलं. खड्डा आम्ही दोघांनी खणला. माती मी स्वतः लोटली.

*

शुक्रवारी दुपारी अरबाब आला. धूळ उडत होती. वही हातात घेऊन म्हणाला, "यल्ला, चला, मोजू या."

इस्माईलभाई माझ्या कानाशी म्हणाले, "शेठ, माझ्या घरी फोन तुम्हीच करा. माझ्याच्याने होणार नाही." मग त्यांनी पाय आपटला.

शेपट्या उठल्या. अरबाब मोठ्याने मोजत होता, मी मनात. म्हातारी, लेकी, पाडसं, तीन नर. चौदा.

आणि मागून, बऱ्याच अंतराने, आणखी एक शेपटी.

"पंधरा," अरबाब म्हणाला. वहीवर सही केली, इस्माईलभाईंच्या हातात दिली आणि गाडीत बसला.

"शेठ, मागचा पाहिलात?"

"धूळ होती हो."

"डावं शिंग नव्हतं त्याला."

मी काही बोलायच्या आत इस्माईलभाई वही घेऊन गाडीमागे पळत सुटले होते. "अरबाब, थांबा, चौदा आहेत, चौदा!"

तुमच्या हातात कसलीही वही असो, गेलेल्याला गेला असंच लिहा. एवढं माझ्यासाठी करा.