मनीषासाठी आलेला फोन

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलं नाही. भावाजवळ नाही, आईजवळ नाही. देवाजवळ तर नाहीच — तो सगळं बघत बसला होता आणि त्यानेही तोंड उघडलं नाही, त्याला मी काय नवीन सांगणार? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीचे असता तर चहा पाजून, क्लासच्या गमती सांगून वाटेला लावलं असतं.

रायपूरला बुढापारा मोहल्ल्यात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, मी बायकांसाठी इंग्रजी बोलायचा क्लास घेते. लग्न केलं नाही. घरात आई होती, धाकटा भाऊ, त्याची बायको मनीषा आणि त्यांची लेक. क्लासचं गावात नाव आहे आणि मला त्याचा माज होता. होता कशाला म्हणू? आहे.

सगळ्यात चांगलं मी काय शिकवते, माहीत आहे? उद्याबद्दल बोलायला. आपल्याकडे 'होईन न जी', म्हणजे होईल हो, म्हटलं की विषय संपला. त्यात आशा किती, खात्री किती आणि समोरच्याला गप्प बसवणं किती, हे कोण बघतो? इंग्रजी बोलणारा बघतो. व्हावं असं वाटत असेल तर तो आय होप म्हणतो. होईल असा अंदाज असेल तर आय एक्स्पेक्ट. होणार नाही अशी शंका असेल तर आय डाउट. आणि तोंडावर नाही म्हणायचं असेल, तर आधी स्वतःच घाबरल्याचं सोंग करतो — आय ॲम अफ्रेड. घाबरत कोणी नसतं. सुरी फडक्यात गुंडाळून हातात देतात, एवढंच. मला ते फार आवडायचं. म्हणून तर मी ते इतकं छान शिकवायचे.

आमच्या बायका घरी आपली इच्छा बोलून दाखवत नाहीत. काम होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, नजर लागते. पण इंग्रजीत त्या बिनधास्त बोलायच्या. नजर लावणारीला इंग्रजी येत नाही, असा त्यांचा काहीतरी हिशोब असावा. हे माझ्या लक्षात आलं आणि मी शनिवारची फेरी सुरू केली. एकीने मधोमध उभं राहून आपली आशा सांगायची. बाकीच्यांनी पाळीपाळीने मत द्यायचं. उभ्या असलेलीने प्रत्येकीला 'थँक यू फॉर युवर ओपिनियन' म्हणायचं, मत कसंही असो. मतं अर्थात गोडच असायची. मुलाला नोकरी लागेल का? आय ॲम शुअर. स्कूटी घेतील का? आय ॲम शुअर. टाळ्या, हसणं, मग घरून आणलेला चिवडा.

मनीषा तुमसरची, बी.कॉम. झालेली. आईला अर्धांगवायू झाला तेव्हापासून आईचं सगळं तीच करायची — अंघोळ, भरवणं, कूस बदलणं, आणि ज्याचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात तेही. सख्खी मुलगी मी. पण मला क्लास असायचा ना! आतून आईची हाक आली की मी आवाज चढवून शिकवायचे.

क्लासमध्ये ती दाराजवळ बसायची, हाक ऐकू यावी म्हणून. एके दिवशी पोळ्या लाटता लाटता हळूच म्हणाली, "ताई, सिलतऱ्याच्या एका कारखान्यात ऑफिसात जागा हाय. फोन घ्याचं, आल्यागेल्याशी बोलाचं काम. मी अर्ज करून राहिली. घरी सांगू नका जी. लागली तं सांगू."

तिचा मोबाइल वाजला की भाऊ आधी उचलायचा. म्हणून अर्जावर तिने माझ्या क्लासचा नंबर दिला होता. विचारलंसुद्धा नाही मला. विचारायचं असतं हेच तिला सुचलं नाही — इतका विश्वास.

मला काय वाटलं? आनंद झाला असं म्हणायला जीभ धजत नाही. पहिला विचार आला — आईचं कोण करेल? आणि त्याचं उत्तर मीच होते. सरळ सांगते, मला आईची घाण काढायची नव्हती. आणि दुसरं, ते तर आणखी हलकं. मी शिकवलेलं इंग्रजी ही पोट्टी एसीत बसून बोलणार आणि मी आयुष्यभर या दमट खोलीत 'रिपीट आफ्टर मी' करत राहणार?

मुलाखतीच्या आधीचा शनिवार. मीच तिला मधोमध उभं केलं. ती बिचारी लाजत म्हणाली, आय होप आय विल गेट धिस जॉब. आणि मी नियम बदलला. म्हटलं, आज गोड बोलायचं नाही. आज प्रत्येकीने आय ॲम अफ्रेड किंवा आय डाउट म्हणायचं, आणि कारण द्यायचं. कारण खरं पाहिजे. वाक्य चुकलं तर पुन्हा.

बायका मनापासून कामाला लागल्या. बीरगावची एक म्हणाली, आय ॲम अफ्रेड, तुला घेणार नाहीत, आवाज फार बारीक आहे. दुसरीला शंका होती, कारण घरात लहान मुलगी. तिसरीने तिच्या दातांचं कारण दिलं, चौथीने माहेरच्या गावाचं. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, वाक्य बरोबर आलं का म्हणून माझ्याकडे बघत होत्या. मी प्रत्येकीला 'गुड' म्हणत गेले. एकीला तर 'डाउट'चा उच्चार दोनदा करायला लावला. आणि मनीषा, साडीचा पदर बोटाला गुंडाळत, प्रत्येकीला थँक यू फॉर युवर ओपिनियन, थँक यू फॉर युवर ओपिनियन. शेवटी मी म्हटलं, आय होप यू विल नॉट क्राय देअर. सगळ्या खो-खो हसल्या. तिने माझेही आभार मानले, आणि आईने हाक मारली म्हणून आत गेली.

पण थांबा. ती कबुली नाही. ती गोष्ट मी चारचौघांत किती वेळा सांगितली आहे — हसत, मॅडम किती कडक म्हणून. बायका अजूनही ती आठवण काढतात. तेवढंच असतं तर तुम्हाला बसवून कशाला घेतलं असतं?

ती तरीही मुलाखतीला गेली. ही माझी अपेक्षाच नव्हती. आईला डॉक्टरांनी लिहिलेली औषधं आणायला जाते म्हणून सांगून गेली, आली, येताना औषधंही आणली. कशी झाली विचारलं तर म्हणाली, "हव, ठीकच झाली. पाहू आता."

आठवडाभराने दुपारी क्लासचा फोन वाजला. कारखान्यातला कोणी साहेब होता, छान इंग्रजी बोलत होता. म्हणाला, तुम्ही त्यांच्या घरच्या का? त्यांची निवड झाली आहे. त्यांना विचारलं होतं, हे काम जमेल का, तर म्हणाल्या — मला वाटतं जमेल, आणि आशा आहे की तुम्हालाही तसंच वाटेल. आम्हाला फार आवडलं ते. कोणी शिकवलं त्यांना?

मी म्हटलं, मी.

आणि खरं सांगू? अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. तेवढ्यात तो म्हणाला, पहिल्या तारखेपासून यायला सांगा, गाडी चौकापर्यंत येईल.

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मनीषा आईची ताटली धूत होती. नुसती हाक मारायची होती मला. मी मारली नाही. मी म्हटलं — आय ॲम अफ्रेड, शी हॅज चेंज्ड हर माइंड. घरात आजारपण आहे, तिनेच नको म्हटलंय. आय डू होप यू फाइंड समवन सूटेबल. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. आवाजात किती खेद होता, तुम्ही ऐकायला हवा होता. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी इंग्रजीत केलं. साहेब हळहळला. जाता जाता म्हणाला, मॅडम, तुमचं इंग्रजी उत्तम आहे, तुम्हालाच करायची आहे का नोकरी? मी हसले. दोघेही हसलो.

मनीषा हात पुसत दारात आली. "ताई, कोनाचा फोन होता जी?"

"क्लासची चौकशी," मी म्हटलं. ती आत गेल्यावर मी साहेबाचा नंबर ब्लॉक करून टाकला.

पुढे तिने विचारलं, आपणच एकदा फोन करून पाहू का? मी तिला समजावलं, मागे लागलं की किंमत जाते, त्यांना गरज असेल तर करतील. तिला पटलं. माझं बोलणं तिला नेहमीच पटतं. आता लेकीला सांगते, "मले इंग्रजी जमलंच नाही, आत्यानं तं पहिलेच सांगितलं होतं." लेक हिंदीत तिची चेष्टा करते, आणि मी पेपर वाचत असते.

आई गेली, त्यालाही काही वर्षं झाली. तेव्हा सांगता आलं असतं. घाण काढायची भीती उरली नव्हती, मग काय अडत होतं? काही नाही. सांगितलं नाही. आई जाईपर्यंत मी तिचं एकदाही केलं नाही, हेही सांगून ठेवते.

पण मला आठवतात ते फोननंतरचे दिवस. क्लासचा फोन वाजला की ती स्वयंपाकघरातून यायची. कणकेचे हात तसेच घेऊन दारात उभी राहायची, फक्त माझं तोंड बघायची. मी फोनवर फी सांगायचे, वेळ सांगायचे, मुद्दाम सावकाश. ती वाट बघायची आणि परत जायची. असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी फोन वाजला आणि ती आली नाही. आत पोळी लाटल्याचा आवाज तसाच चालू राहिला.

मला हायसं वाटलं.