साहेबांची पांढरी कोंबडी

भातकुलीला आमच्याकडे कोंबड्या तपासायला अमरावतीहून एक साहेब सायकलवर येत. अंगणात आले की माझ्याकडे न बघता खुराड्याकडे बघत आणि म्हणत, "बाई, कोंबड्या नाही, घाण पाळून राहिल्या तुमी."

त्यांच्या घरी एक पांढरी विलायती कोंबडी होती. तिची अंडी ते मोठ्या कौतुकाने अंडी उबवायला खुडूक बसलेल्या माझ्या तांबड्या कोंबडीखाली ठेवायला देत. पिल्लं निघत, पांढरं हगत आणि आठवड्यात मरत. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या तांबडीतच रोग आहे. रक्त पाहू, मंग कापू." घरात माझी म्हणावी अशी ती तांबडी तेवढी होती.

निरोगी रक्त कसं असतं ते आम्हा बायांना दाखवायला त्यांनी आपली पांढरीही आणली. तांबडीला कापायचीच म्हणून तिचे पाय त्यांनी आधीच सुतळीने बांधले. बशीत औषधाचे दोन थेंब टाकून एकात तांबडीचं, दुसऱ्यात पांढरीचं रक्त मिसळलं. तांबडीचा थेंब तसाच राहिला. पांढरीच्या थेंबात बारीक दाणे धरले.

"अवो सायेब, विलायती रक्त पाहा कसं नक्षीदार!" शेजारीण म्हणाली.

दाणे चांगले की वाईट, आम्हाला कुठे ठाऊक होतं? त्यांनी हो म्हणून नुसती मान हलवली असती तरी माझी तांबडी गेली असती.

ते बराच वेळ बशी न्याहाळत बसले. मग म्हणाले, "दाणे म्हंजे रोग. आईतून अंड्यात, अंड्यातून पिल्लात. माह्याच कोंबडीनं दिला."

तांबडीच्या पायांची सुतळी सोडून त्यांनी ती पांढरीच्या पायांना बांधली.