पहारेकऱ्याची चाल

दादा रोज सकाळचा चहा उभ्यानं प्यायचे. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या माथ्यावर कोपर टेकवायचे आणि कपही तिथेच वर ठेवायचे. खुर्ची पुढे केली तरी बसत नसत. "बसलो की गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो," म्हणायचे. माणूस होताच तेवढा उंच. ते गेल्यावर कितीतरी दिवसांनी वहिनी स्टुलावर चढून कपाटाचा माथा पुसायला गेल्या, तेव्हा तिथे कपाच्या बुडाची वर्तुळं दिसली, एकात एक अडकलेली. इतकी वर्षं त्या घरात राबूनही त्यांना ती ठाऊक नव्हती. तिथवर नजर पोचणारं घरात एकच माणूस होतं.

त्यांना सगळी इमारत दादा म्हणायची, कारण धाकटी बहीण बेबी त्यांना दादा म्हणे. वहिनी सगळ्यांच्या वहिनी झाल्या त्याही बेबीमुळेच. बेबी आता सत्तरीला टेकली, दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला, तरी ती बेबीच. पलीकडच्या गल्लीत राहते आणि दार न वाजवता आत येते.

दादा टीव्ही स्टुडिओत सुतार होते. खोट्या भिंती, खोट्या खिडक्या, कुठेच न जाणारे जिने करायचे. "आमच्याकडे राजवाड्याचा जिना चढून गेलं की पलीकडे शिडीनं उतरायचं," असं सांगायचे. घरातल्या जिन्यावरून मात्र फार जपून उतरायचे. त्यांची चालच तशी होती. पाऊल आधी नुसतं टेकवायचं, जमीन तोलून बघायची, मग भार द्यायचा. जणू समोर नुकतीच ठोकलेली फळी आहे. आणि डावा खांदा किंचित पुढे, अरुंद दारातून सामान नेणाऱ्या माणसासारखा. बाजारच्या गर्दीतही वहिनी ती चाल लांबून ओळखत.

ती चालच आता कुठे उरली नव्हती. दादांचे फोटो होते, पण फोटोतला माणूस चालत नाही. शिवाय फोटोवाल्यांशी दादांचं कधी जमलंच नाही. उंच म्हणून मागच्या रांगेत उभं करायचे आणि फोटो धुऊन आला की त्यात दादा हनुवटीपर्यंत. बेबीच्या लग्नाचं चित्रण झालं, त्यात ते अख्खा वेळ दिवा धरून कॅमेऱ्याच्या मागे. वहिनींना हल्ली कधीकधी शंका यायची, डावाच खांदा होता ना? की उजवा? अशी शंका आली की त्या हातातलं काम सोडून बसून राहायच्या. एकदा त्यांना चालताना बघायला मिळालं पाहिजे, एवढंच त्यांना वाटायचं. दुसरं काही नको होतं.

म्हणून जेव्हा बेबी धापा टाकत आली आणि म्हणाली, "वहिनी, लिफ्टवाली मालिका पुन्हा लागतेय! तिसरं पर्व, आपल्या दादाचं!", तेव्हा वहिनींनी निवडत असलेली भाजी तशीच ताटात ठेवली.

लिफ्टवाली मालिका त्या काळी सगळ्यांना वेड लावून गेली होती. एका जुन्या कचेरीच्या इमारतीत एक लिफ्टमन आणि त्याची लिफ्ट. बटण दाबलं की दार उघडेल त्या मजल्यावर वेगळाच काळ. कुठे शंभर वर्षांपूर्वीचं शहर, कुठे अजून जन्माला यायची माणसं. तिसऱ्या पर्वात लिफ्ट अशा एका मजल्यावर अडकते जिथे पुढच्या काळातला पहारेकरी उभा असतो. राखाडी पत्र्याचा, बिनचेहऱ्याचा, ताडमाड. लहान मुलं त्याच्या भीतीनं आईच्या पदरात शिरायची.

तो पहारेकरी म्हणजे दादा.

हे घरात कसं ठरलं, ते वहिनींना नीट आठवत होतं. दादांनी तो पत्र्याचा सांगाडा स्टुडिओत स्वतः ठोकला होता. पर्व सुरू झालं त्या रात्री, वहिनी कामावरून आल्यावर, जेवताना ते म्हणाले, "तो पहारेकरी दिसला का, तो म्हणजे—" आणि पुढचं बोलायच्या आत बेबी किंचाळली, "तो तू आहेस? तरीच म्हटलं, इतकं उंच कोण!" दादांनी आमटीभाताचा घास घेतला. नाही म्हणायचं राहून गेलं की म्हणायचं नव्हतं, कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी कॉलेजात बेबीच्या मैत्रिणींना बातमी पोचली, आणि एकदा बेबीच्या मैत्रिणींना कळलं म्हणजे झालंच.

वहिनींना मात्र ती मालिका कधी बघायला मिळाली नाही. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, कायमची संध्याकाळची पाळी. पण मालिका लागली की त्यांना बसल्या जागी समजायचं. समोरच्या फळ्यावरचे दिवे एकेक करून विझायचे, सगळ्या शहराला जणू डुलकी लागायची, आणि त्या कानावरचं यंत्र बाजूला सरकवून बोटं मोडत बसायच्या. मालिका संपली की अख्खा फळा एकदम पेटायचा. ज्याला त्याला कुणाला तरी फोन करायचा असायचा. तारा जोडताना चार शब्द कानावर पडायचेच. "अगं, तो पहारेकरी काय चालतो! माझी तर वाचाच बसली." वहिनी पुढची तार जोडायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या. घरी जाऊन ते सगळं दादांना सांगायच्या. दादा ऐकायचे, मान दुसरीकडे वळवायचे. एकदा फारच आग्रह झाला तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात पहारेकऱ्यासारखं चालून दाखवलं. पाच पावलांत भिंत आली. वहिनी हसून हसून खाली बसल्या.

रविवारी सकाळी पहिला भाग लागला. बेबी चष्मा, उशी आणि गुडघ्याचं तेल घेऊन हजर होती. चित्र धुऊनपुसून स्वच्छ केलेलं होतं, पण रंग तेच फिके. लिफ्टमन आला, बटण दाबलं, दोन्ही बाजूंना दार सरकलं आणि धुरातून पहारेकरी पुढे झाला.

"आला! आला माझा भाऊ!" बेबीनं टाळी वाजवली.

वहिनींना पहिल्या तीन पावलांतच कळलं. पाऊल सरळ, टाच आपटून टाकलेलं. खांदे दोन्ही सारखे, कवायतीतल्यासारखे. भार द्यायच्या आधी जमिनीला विचारणारा हा माणूस नव्हता. हा कुणी दुसराच होता.

पत्र्याच्या वजनानं चाल बदलली असेल, अशी स्वतःची समजूत घालत त्यांनी पुढचा रविवार काढला, आणि त्याच्याही पुढचा. पण पहारेकरी एका भागात जिना चढला तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हे ते नाहीत, बेबी."

"कोण नाहीत?"

"पत्र्यात तुझा दादा नाही."

"माझा भाऊ मला ओळखू येत नाही होय? मी त्याच्या पाठीवर बसून लहानाची मोठी झाले!"

"पाठीवर बसून चाल कशी दिसेल? मी मागून चाललेय त्यांच्या, जन्मभर."

बेबीचं नाक लाल झालं. "म्हणजे दादा खोटं बोलला? वहिनी, तो नाही म्हणून काहीही बोलशील?" उशी काखोटीला मारून ती निघून गेली. गुडघ्याचं तेल इथेच राहिलं.

पुढचा रविवार वहिनींनी एकटीनं बघितला. राग नव्हता, पण सलणारं काहीतरी होतं. ज्या गोष्टीवर त्या एक्स्चेंजच्या खुर्चीत बसून मनातल्या मनात मिरवल्या, ती त्यांची नव्हतीच. आणि आता चालणारे दादा कुठेच सापडणार नव्हते. पहारेकरी आला की त्या दुसरीकडे बघायला लागल्या. दुसरीकडे बघण्यासारखं पडद्यावर एकच होतं, लिफ्टचं दार.

दोन फळ्यांचं दार. विजेवर चालतंय असं वाटावं इतकं सुळकन सरकणारं. पण स्टुडिओत वीज दिव्यांनाच पुरत नाही, हे दादांनीच कधी तरी सांगितलं होतं. दारं माणसं ओढतात, भिंतीच्या मागे उभं राहून, दोरीनं, दोघांनी एका श्वासात. वहिनींना त्या पर्वाच्या वेळचे दादांचे तळवे आठवले. दोरीनं सोलल्यासारखे लाल. रात्री त्या तळव्यांना तेल चोळायच्या आणि म्हणायच्या, "त्या पत्र्यात इतकं टोचतं?" दादा म्हणायचे, "टोचतं थोडं." पहारेकऱ्याच्या हातांत तर चांगले कोपरापर्यंत हातमोजे होते.

वहिनींनी बेबीला फोन केला. "तेल विसरलीस. आणि ये, मला एकटीला बघवत नाही."

"कबूल कर मग, दादाच आहे तो."

"आहे. पण पत्र्यात नाही, दारामागे."

पलीकडून किल्ल्यांचा आवाज आला. मग, "चहा ठेव," एवढंच.

शेवटच्या भागाला दोघी जवळजवळ बसल्या. आता त्या दारच बघत होत्या. दार उघडलं की बेबी पुटपुटायची, "ओढलं बघ." दार मिटलं की म्हणायची, "मिटलं." गोष्टीत काय चाललंय याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. जुन्या काळातली एक मुलगी लिफ्टमनबरोबर सबंध पर्वभर हिंडली होती. शेवटी तिला तिच्या मजल्यावर सोडून लिफ्टनं निघून जायचं, असं काहीतरी. मुलगी बाहेर उभी राहिली. लिफ्टमननं बटण दाबलं. उजवी फळी सरकली. डावी सरकता सरकता मध्येच अडली.

एक फट राहिली. त्या फटीतून रडणारी मुलगी दिसत होती. आणि मग, डाव्या फळीच्या कडेवर, पार वरती, जिथे कुणी हात घालायचा विचारही करणार नाही अशा उंचीवर, चार बोटं आली. उघडी बोटं. त्यांतल्या एकाचं नख उभं चिरलेलं, कधी काळी पटाशी लागून तसंच वाढलेलं. बोटांनी फळी धरली, क्षणभर नुसतीच धरून ठेवली, जणू आत कुणीतरी मुलीचं रडणं थांबायची वाट बघतंय, आणि मग हळूच, भार आधी तोलून, ओढून घेतली. दार मिटलं.

नावांची पाटी वर सरकून गेली, जाहिरात लागली.

"दोरी सुटली असणार," वहिनी म्हणाल्या. त्यांना एक संध्याकाळ आठवली. पाळी संपवून त्या घरी आल्या तर दादा न जेवता बसलेले. "आज पहारेकऱ्याचा हात दिसला, साहेब ओरडले," एवढंच म्हणाले होते. वहिनींना वाटलं होतं, हातमोजा निसटला असेल. पहारेकऱ्याचा हात दिसला तर दिसला, त्यात ओरडायचं काय, म्हणून त्यांनी साहेबांनाच चार शब्द सुनावले होते, घरातल्या घरात.

"दुपारी पुन्हा लागतो हाच भाग," बेबी म्हणाली.

त्या दुपारपर्यंत तिथेच बसल्या. जेवायचं कुणाला सुचलं नाही. बेबीनं दोन केळी सोलली, अर्धं खाल्लं. भाग पुन्हा लागला. बेबी कधी नव्हे ती गुडघे विसरून टीव्हीच्या समोर जमिनीवर बसली. वहिनी खुर्चीतच राहिल्या. बोटं आली, थांबली, दार ओढून आत गेली. बेबी पाठमोरी होती, पण तिचे खांदे हलत होते.

"सगळ्या कॉलेजला सांगितलं मी," ती म्हणाली. "गाढव कुठला. नाही म्हणता येत नव्हतं?"

"तुझं तोंड उतरलं असतं ना."

"आणि तुझं?"

"माझंही."

बेबीनं डोळे पुसले, कशीबशी उठून पलंगावर बसली. टीव्ही बंद केल्यावर खोलीत खालच्या रस्त्यावरचे आवाज आले, कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. डावा खांदा की उजवा, ते अजूनही वहिनींना नक्की सांगता आलं नसतं.

"वहिनी," बेबी म्हणाली, "दादा शेवटचं काय बोलला गं तुझ्याशी?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी विचारलं होतं, कसं झालं, आधी काही त्रास होता का, डॉक्टर काय म्हणाले. शेवटचं बोलणं कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी सांगायला लाज वाटली असती, इतकं ते साधं होतं.

"काही नाही गं. माझं मनगट मुरगळलं होतं तेव्हा, आठवतं? मी बाजारात निघाले होते. ते खिडकीपाशी कुणाच्या तरी स्टुलाचा पाय घासत उभे होते. मी पिशवी काढली आणि काय काय आणायचं ते मोठ्यानं घोकत होते. त्यांनी मान वर न करता मध्येच एक सांगितलं, मी बरं म्हटलं आणि गेले. आले तेव्हा..." वहिनींनी गुडघ्याच्या तेलाची बाटली जरा बाजूला सरकवली. "मग सगळं उरकलं, माणसं आपापल्या घरी गेली, दोन दिवसांनी मी चूल पेटवायला घेतली आणि टोपली उघडली. एकसुद्धा नव्हता आत. मुरगळलेल्या हातात ओझं नको, म्हणून ठोकून दिलं होतं."

"पण काय म्हणाला काय?"

वहिनींनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"म्हणाले, 'बटाटे आणू नकोस, घरात आहेत.'"