ग्लासाबाहेरचे थेंब

डी.एड.ला ती माझ्या शेजारी बसायची. मिठागरांच्या गावची. विज्ञानाचा प्रयोग घरी स्वतः केल्याशिवाय वहीत निष्कर्ष लिहायची नाही. "करून बगितलं नाय अजून," एवढंच म्हणायची. 'पाणी'ला 'पानी' म्हणते म्हणून तिचे गुण कापले जायचे. त्यामुळे सराव पाठाआधी आठवडाभर ती माझ्यासमोर 'पाणी, पाणी' घोकत होती.

पाठ आगाशीच्या एका शाळेत, चौथीच्या वर्गावर होता. बर्फ घातलेल्या ग्लासाबाहेर थेंब जमले. ते कुठून आले, असं तिनं विचारलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, आतलं पानी पाझरलं." सगळा वर्ग हसला. मुलगी मान खाली घालून बसली.

मागे निरीक्षक बाई गुण देत होत्या. माझ्या मैत्रिणीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "पानी पाझरलं का, आपण बघू या." ग्लास कोरडा पुसून तिनं आत निळी शाई टाकली. पुन्हा थेंब जमल्यावर त्या मुलीलाच ते पांढऱ्या रुमालानं टिपायला लावले. रुमालावर निळा डाग नव्हता. त्यानंतर पाठ संपेपर्यंत माझी मैत्रीणही 'पानी'च म्हणत राहिली.

भाषेचे गुण गेलेच. मी हळहळले, तर ती हसली.

"अगं, त्या पोरीनं नंतर दोनदा हात वर केला. बगितलंस?"